भाऊजींचे प्रश्न, लेकीची निराशा आणि घरातला हिशेब

वाचकाचं पत्र: माझे मोठे दीर अभियंता आहेत. हवामानबदलाचा विषय निघाला की ते म्हणतात, ‘हवामान कायमच बदलत आलंय. हवेत कार्बन डायऑक्साइड आहे किती, तर ०.०४ टक्के. तेवढ्याने पृथ्वी तापते? आपल्यापेक्षा ज्वालामुखी जास्त ओकतात. आणि ज्यांना पुढच्या आठवड्यातला पाऊस धड सांगता येत नाही, ते पन्नास वर्षांनंतरचं काय सांगणार?’ माझी सतरा वर्षांची मुलगी नेमकी दुसऱ्या टोकाला. ती म्हणते, सगळं हाताबाहेर गेलंय, आता काही करून उपयोग नाही. मला दोघांचंही पटत नाही, पण उत्तर देता येत नाही. शिवाय घरात नेमकं काय करावं? दिवे मालवते, प्लास्टिकची पिशवी टाळते. याने खरंच फरक पडतो का?

ताई, ०.०४ टक्क्यांपासून सुरुवात करू. भाऊजींच्या प्रश्नांमधला हाच सगळ्यात चांगला प्रश्न आहे.

कोरड्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन आणि २१ टक्के ऑक्सिजन असतो. जमीन आणि समुद्र तापले की त्यांच्यातून उष्णता अवरक्त किरणांच्या रूपात वर जाते, आणि हे दोन्ही वायू तिला जवळजवळ अडवतच नाहीत. त्यांच्या रेणूत एकाच जातीचे दोन अणू असतात. असा रेणू कंप पावला तरी त्याच्या विद्युतभाराची मांडणी बदलत नाही, म्हणून तो हे किरण शोषू शकत नाही. कार्बन डायऑक्साइडचा रेणू तीन अणूंचा. तो वाकतो आणि वाकताना १५ मायक्रोमीटर तरंगलांबीच्या आसपासचे किरण शोषून घेतो. पृथ्वीची बरीचशी उष्णता याच भागातून बाहेर पडत असते. म्हणजे हवेचा ९९ टक्के भाग या व्यवहारात नाहीच. काम करतात ते उरलेल्या एका टक्क्यातले मोजके वायू आणि पाण्याची वाफ. टक्का लहान असला तरी रेणू थोडे नाहीत. एक लिटर हवेत कार्बन डायऑक्साइडचे रेणू साधारण १ वर १९ शून्यं इतके असतात. ओझोनचं प्रमाण तर त्याच्या सर्वात दाट थरातही दहा लाखांत दहा भागांच्या आसपास, आणि तरी सूर्याचे घातक अतिनील किरण तोच अडवतो. त्याबद्दल भाऊजींना शंका नसावी.

यातलं काहीही नवं नाही. युनिस फूट यांनी १८५६ मध्ये दाखवून दिलं की कार्बन डायऑक्साइड भरलेली नळी उन्हात साध्या हवेच्या नळीपेक्षा जास्त तापते. जॉन टिंडल यांनी १८५९ पासून कोणता वायू किती उष्णता शोषतो याची प्रयोगशाळेत मोजमापं घेतली. स्वान्ते अर्‍हेनियस यांनी १८९६ मध्ये हाताने आकडेमोड करून हा वायू दुप्पट झाला तर तापमान किती वाढेल, याचा अंदाज मांडला. संयुक्त राष्ट्रांची हवामानबदलविषयक समिती, आयपीसीसी, स्थापन झाली ती १९८८ मध्ये. तोवर हे मूळ भौतिकशास्त्र शंभर वर्षांचं होऊन गेलं होतं.

एवढ्यावर भाऊजी थांबणार नाहीत. त्यांचा पुढचा मुद्दा असेल: ‘१५ मायक्रोमीटरचा पट्टा आहे त्याच वायूने पुरा भरलाय, जमिनीपासून थोड्या उंचीवरच ते किरण शोषले जातात. मग आणखी वायू घालून काय होणार?’ विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा आक्षेप शास्त्रज्ञांनीच घेतला होता आणि कित्येक वर्षं तो बरोबर मानला गेला. त्याचं उत्तर नीट समजून घ्या, कारण सगळी मेख इथेच आहे.

उष्णता जमिनीवरून एका झेपेत अवकाशात जात नाही. एक थर ती शोषतो, पुन्हा सोडतो, मग वरचा थर शोषतो, असं करत करत ती वर सरकते. हवा पुरेशी विरळ झाली की त्या उंचीवरून ती अखेर निसटते. ही उंची सरासरीने सुमारे ५ किलोमीटर आहे आणि तिथलं तापमान उणे १८ अंश. सूर्याकडून जेवढी ऊर्जा मिळते तेवढीच परत करायची तर पृथ्वीला उणे १८ अंशांच्या वस्तूइतकी उष्णता बाहेर टाकावी लागते, म्हणून तोच आकडा. वर जाताना हवा दर किलोमीटरला सरासरी ६.५ अंशांनी गार होते. आता ५ किलोमीटर खाली उतरा: ५ गुणिले ६.५ म्हणजे ३२.५, आणि उणे १८ मध्ये ते मिळवले की येतात साधारण १५ अंश. पृथ्वीच्या पृष्ठभागाचं सरासरी तापमान तेवढंच आहे. आता कार्बन डायऑक्साइड वाढवा. उष्णता निसटण्याची उंची थोडी वर सरकते. तिथली हवा आणखी गार, आणि गार हवा कमी उष्णता सोडते. म्हणजे आत येणारी ऊर्जा तेवढीच आणि बाहेर जाणारी कमी. हा तोल पुन्हा साधेपर्यंत जमिनीपासून त्या उंचीपर्यंत सगळं तापत जातं. खालचा पट्टा भरलेला आहे की नाही, याने काही बिघडत नाही. निकाल वरच्या थरात लागतो. फक्त एक गोष्ट खरी, की प्रत्येक जादा रेणूचा परिणाम आधीच्यापेक्षा थोडा कमी होत जातो. म्हणूनच शास्त्रज्ञ ‘दुप्पट झाल्यावर किती अंश’ असा हिशेब करतात. आयपीसीसीच्या २०२१ च्या अहवालात त्याचं उत्तर ३ अंशांच्या आसपास आहे, आणि २.५ ते ४ ही संभाव्य मर्यादा.

जाता जाता एक सूचना. भाऊजींना पटवायला दोन बाटल्या, एक दिवा आणि सोड्याचा वायू हा शाळेतला प्रयोग करू नका. बाटलीतलं तापमान वाढतं ते मुख्यतः कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असल्यामुळे बाटलीतलं अभिसरण मंदावतं म्हणून. उष्णता न शोषणारा आर्गॉन भरला तरी तसंच होतं. अभियंत्याच्या हे लगेच लक्षात येईल आणि मग तुमचं खरं बोलणंही तो खोटं ठरवेल.

आता हा जादा वायू आला कुठून? उद्योगयुगाच्या आधी त्याचं प्रमाण दहा लाखांत सुमारे २८० भाग होतं. हवाईतल्या मौना लोआवर १९५८ मध्ये सलग मोजणी सुरू झाली तेव्हा ३१५ होतं, आज ४२० च्या वर आहे. अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यांवरून गेल्या ८ लाख वर्षांचा लेखाजोखा मिळतो. त्या सगळ्या काळात हा आकडा साधारण १८० ते ३०० च्या दरम्यान फिरत राहिला. कोळसा, तेल आणि वायू हे मुळात वनस्पती आणि शेवाळांसारख्या जीवांचे अवशेष. त्यांच्यात कार्बन-१३ हा समस्थानिक (कार्बनचाच थोड्या वेगळ्या वजनाचा अणू) कमी असतो, आणि कार्बन-१४ तर लाखो वर्षांत पूर्ण संपलेला. हवेतल्या कार्बनमध्ये या दोन्हींचा वाटा ज्या रीतीने घटतो आहे, ती खूण जीवाश्म इंधनाचीच. शिवाय जळायला ऑक्सिजन लागतो, आणि हवेतला ऑक्सिजनही त्याच हिशेबाने किंचित किंचित कमी होताना मोजला गेला आहे. (श्वास घ्यायला अडचण यावी इतका मुळीच नाही.) ज्वालामुखीतून निघणारा वायू ऑक्सिजन वापरत नाही. ज्वालामुखी वर्षाला जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडतात तो माणसाच्या उत्सर्जनाच्या एक टक्क्याहूनही कमी भरतो. १९९१ मध्ये फिलिपिन्समधल्या पिनाटुबो ज्वालामुखीचा प्रचंड उद्रेक झाला, तरी मौना लोआच्या आलेखात उडी दिसली नाही. उलट त्याच्या गंधकयुक्त कणांनी सूर्यप्रकाश अडवला आणि पृथ्वी वर्ष-दोन वर्षं साधारण अर्ध्या अंशाने गार झाली.

‘हवामान कायमच बदलत आलंय’ हे अगदी खरं आहे. पण ते आपोआप कधीच बदललं नाही, दर वेळी काहीतरी कारण होतं. हिमयुगं आली-गेली ती पृथ्वीची कक्षा आणि आसाचा कल हजारो वर्षांत हळूहळू बदलतो म्हणून. शेवटचं हिमयुग ओसरताना पृथ्वी पाचेक अंशांनी तापली, पण त्याला सुमारे १० हजार वर्षं लागली. आपण एक अंशाहून अधिक वाढ दीडशे वर्षांत केली आणि त्यातली बहुतेक गेल्या पन्नास वर्षांतली. आता सूर्य तापलाय म्हणावं तर १९७८ पासून उपग्रह त्याची ऊर्जा मोजताहेत आणि तिच्यात वाढीचा कल नाही. सूर्यामुळे तापलं असतं तर हवेचे वरचे थरही तापले असते. प्रत्यक्षात खालचा थर, तपांबर, तापतोय आणि त्याच्या वरचं स्थितांबर गार होतंय. स्युकुरो मनाबे आणि रिचर्ड वेदराल्ड यांनी १९६७ मध्ये संगणकावरून हेच सांगितलं होतं, म्हणजे मोजमापं हाती येण्याच्या कितीतरी आधी. मनाबे यांना २०२१ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं ते पृथ्वीच्या हवामानाची प्रतिकृती उभी करण्याच्या याच कामासाठी. पावसाच्या अंदाजाचा प्रश्नही इथेच सुटतो. पुढच्या मंगळवारी पाऊस पडेल का, हे आजच्या हवेच्या बारीकसारीक स्थितीवर ठरतं. पन्नास वर्षांनंतरची सरासरी ठरते ती आत किती ऊर्जा आली आणि बाहेर किती गेली यावर. हिशेबच निराळा.

आता लेकीकडे वळू. ‘हाताबाहेर गेलंय’ असं तिला का वाटतं ते समजू शकतं. २०२४ हे जागतिक सरासरी तापमान उद्योगयुगाआधीच्या पातळीपेक्षा १.५ अंशांहून जास्त असलेलं पहिलं कॅलेंडर वर्ष ठरलं, आणि १.५ म्हणजे कडेलोट असं तिने सगळीकडे ऐकलेलं असणार. तापमानवाढ रोखण्यासाठी देशांनी केलेल्या पॅरिस करारातली १.५ ची मर्यादा वीसेक वर्षांच्या सरासरीला लागू आहे, एका वर्षाला नाही. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे.

कार्बन डायऑक्साइड हवेत साठत जातो. आपण सोडतो त्यातला निम्म्याहून थोडा अधिक भाग समुद्र आणि जंगलं-माती शोषून घेतात. उरलेला हवेत राहतो आणि त्याचा काही हिस्सा हजारो वर्षं राहील. त्यामुळे तापमान ठरतं ते यंदा किती धूर सोडला यावर नाही, आजवर एकूण किती सोडला यावर. हौदाचा नळ अर्धा बंद केला तरी पाणी चढतच राहतं, फक्त हळू; थांबवायचं तर नळ बंदच करावा लागतो. आयपीसीसीचा आकडा असा: दर १००० अब्ज टनांमागे सुमारे ०.४५ अंश. जगाचं आजचं उत्सर्जन, जंगलतोड धरून, वर्षाला ४० अब्ज टनांच्या आसपास आहे. म्हणजे आज चाललंय तसंच चालू राहिलं तर दर साडेपाच वर्षांना अंशाचा एक दशांश.

यातून लेकीसाठी दोन गोष्टी निघतात. पहिली, कडेलोटाची एकच रेषा कुठेही नाही, प्रत्येक दशांशाला किंमत आहे. पूर्वी दहा वर्षांतून एकदा येणारी तीव्र उष्णतेची घटना १ अंश वाढीला २.८ पट वेळा येते, १.५ ला ४.१ पट, २ अंशांना ५.६ पट. प्रवाळ १.५ अंशांना ७० ते ९० टक्के नष्ट होतात, २ अंशांना ९९ टक्क्यांहून जास्त. तेव्हा १.५ हुकलं तरी १.६ साठी झटणं हे १.७ पेक्षा केव्हाही चांगलं. दुसरी गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते: कार्बन डायऑक्साइडचं निव्वळ उत्सर्जन शून्यावर आलं की त्याच्यामुळे होणारी तापमानवाढ जवळजवळ तिथेच थांबते. समुद्र आणखी काही काळ तापत राहतो, पण त्याच वेळी तो हवेतला वायूही शोषत राहतो, आणि हे दोन परिणाम एकमेकांना जवळपास खोडून टाकतात. पुढे किती तापणार, हे बहुतांशी अजून घडायच्या उत्सर्जनावर आहे. समुद्राची पातळी मात्र शतकानुशतकं चढत राहील, ते थांबणार नाही, आणि हे तिच्यापासून लपवू नका. आजच्या धोरणांनुसार शतकाअखेर ३ अंशांच्या आसपास वाढ दिसते. दहा वर्षांपूर्वी हाच अंदाज याहून वरचा होता, आणि तो खाली आला तो लोकांनी केलेल्या कामामुळे. २०१० ते २०१९ या काळात सौर वीज आणि लिथियम बॅटऱ्या प्रत्येकी सुमारे ८५ टक्क्यांनी स्वस्त झाल्या.

मिथेनचा, म्हणजे नैसर्गिक वायूतल्या मुख्य घटकाचा, मामला वेगळा आहे; ओला कचरा सडतानाही तोच निघतो. तो सुमारे १२ वर्षांत विरून जातो, पण असतो तोवर फार तापवतो. वीस वर्षांच्या हिशेबात, वजनास वजन, कार्बन डायऑक्साइडच्या ८० पट. त्यामुळे तेल-वायूच्या वाहिन्यांची गळती बुजवली आणि ओला कचरा डेपोवर सडू दिला नाही, तर त्याचा परिणाम याच पिढीला दिसतो.

आता तुमचा तिसरा प्रश्न. घरात काय करायचं ते मोजल्याशिवाय ठरवू नका. न मोजता केलं की सगळा जोर दिव्यांवर आणि पिशव्यांवर खर्च होतो आणि मोठे आकडे तसेच राहतात. गेल्या बारा महिन्यांची वीजबिलं, इंधनाच्या पावत्या आणि स्वयंपाकाच्या गॅसचा वापर काढा आणि हे गुणक लावा. पेट्रोल: दर लिटरला सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड. डिझेल: २.७ किलोच्या आसपास. एलपीजी: दर किलोला ३ किलो. वीज ती कशापासून बनते त्यावर अवलंबून: कोळशाची असेल तर युनिटला ०.९ ते १ किलो, नैसर्गिक वायूची असेल तर साधारण निम्मी. सौर, पवन, जल आणि अणू यांची अगदी थोडी. पाऊण किलो वजनाच्या एक लिटर पेट्रोलमधून सव्वादोन किलोहून जास्त वायू कसा, असं भाऊजी विचारतील. त्यातला कार्बन साडेसहाशे ग्रॅमच्या आत-बाहेर. जळताना त्याच्या १२ भागांना हवेतला ३२ भाग ऑक्सिजन येऊन मिळतो आणि ४४ भाग होतात. गुणाकार त्यांनाच करायला सांगा.

एक नमुना पाहा. महिन्याला २०० युनिट कोळशाची वीज म्हणजे वर्षाला सव्वादोन टनांच्या आसपास. महिन्याला ४० लिटर पेट्रोल म्हणजे १.१ टन. महिन्याला १० किलो एलपीजी म्हणजे ०.३६ टन. साडेपाच हजार किलोमीटरवर जाऊन-येऊन केलेला एक विमानप्रवास माणशी १ टनाच्या आसपास, आणि विमानामागे आकाशात उमटणाऱ्या पांढऱ्या रेघांची तापमानवाढ त्यात धरलेली नाही. ही यादी मोठ्याकडून लहानाकडे लावली की काम कुठून सुरू करायचं ते आपोआप कळतं.

विजेच्या आत पुन्हा तोच नियम. ९ वॅटचा एलईडी दिवा रोज पाच तास लावला तर वर्षाला १६ युनिट होतात. २० लिटर पाणी २५ अंशांनी तापवायला जवळपास ०.६ युनिट लागतं; रोज एकदा म्हटलं तर वर्षाला २१० च्या वर. म्हणजे रोजचं ते गरम पाणी तसल्या तेरा दिव्यांइतकी वीज खातं. दिवे जरूर मालवा, पण आधी गीझर, एसी किंवा हीटर आणि जुना फ्रिज पाहा. पाणी तापवायला सौर हीटर किंवा हीट पंप बसवा. हीट पंप उष्णता तयार करत नाही, बाहेरच्या हवेतून ओढून आणतो, म्हणून एका युनिटमध्ये तिपटीच्या आसपास उष्णता देतो. उन्हाळा कडक असेल तर गच्चीला परावर्तक पांढरा रंग आणि खिडक्यांना बाहेरून सावली; थंडी कडक असेल तर भिंती-छपराला उष्णतारोधक थर आणि दारं-खिडक्यांच्या फटी बंद. हे आधी करा आणि यंत्र नंतर घ्या, नाहीतर गरजेपेक्षा मोठं यंत्र गळ्यात पडतं.

एसीबद्दल सविस्तर सांगायला हवं, कारण इथे एक मोठा आकडा बिलात दिसतच नाही. आउटडोअर युनिटवरचा स्टिकर वाचा. त्यावर शीतक वायूचं नाव आणि वजन असतं. आर-४१०ए असेल तर त्याचा १ किलो हवेत सुटणं म्हणजे सुमारे २ टन कार्बन डायऑक्साइड. ९०० लिटर पेट्रोल जाळल्यासारखं. आर-३२ असेल तर त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. आर-२९० म्हणजे प्रोपेन, त्याचा परिणाम नगण्य, पण तो ज्वालाग्राही, त्यामुळे बसवणारा जाणकारच हवा. एसीची नळी बंदिस्त असते, गॅस ‘संपत’ नाही. कमी झाला असेल तर गळती आहे. दरवर्षी थोडा गॅस भरून देणारा कारागीर म्हणजे दरवर्षी तेवढाच गॅस हवेत जाऊ देणारा. त्याला सांगा, आधी नायट्रोजनचा दाब देऊन साबणाच्या पाण्याने जोड तपास. गळती बहुतेक वेळा फ्लेअर नटपाशी किंवा गंजलेल्या कॉइलमध्ये निघते. दुरुस्तीनंतर व्हॅक्यूम पंप लावलाच पाहिजे. आत ओल राहिली तर ती तेलाशी मिळून आम्ल बनवते आणि कॉम्प्रेसर खाते. गॅस भरायचा तो वजनकाट्यावर, स्टिकरवरच्या आकड्याइतका. एसी हलवताना ‘पंप डाउन’ करून घ्या: एसी चालू ठेवून बारीक नळीचा व्हॉल्व्ह बंद करायचा, गॅस आउटडोअर युनिटमध्ये गोळा झाला की जाड नळीचा बंद करायचा आणि लगेच एसी थांबवायचा. नळी सैल करून फुस्स सोडून देणं हा पाच मिनिटांचा शॉर्टकट वर्षभराच्या बचतीवर पाणी फिरवतो. जुना एसी-फ्रिज भंगारात देताना आतला वायू सिलेंडरमध्ये काढून घेणाऱ्यालाच द्या.

चूल आणि गाडी यांबाबत सरसकट सल्ला देणं चुकीचं ठरेल. इंडक्शनवर ८५ टक्क्यांच्या आसपास उष्णता भांड्यात जाते, गॅसवर साधारण ४० टक्के. तरीही तुमची सगळी वीज कोळशाची असेल तर आज इंडक्शनचं उत्सर्जन गॅसपेक्षा जास्त भरतं. वीज जसजशी स्वच्छ होईल तसं ते उलटेल. सौर पॅनेल असतील तर दिवसा इंडक्शन वापरणं आजच फायद्याचं. विजेवरच्या गाडीचं थोडं निराळं: कोळशाच्या विजेवर तिचा फायदा थोडा आणि स्वच्छ विजेवर मोठा, मात्र बॅटरी बनवताना झालेलं उत्सर्जन फेडायला तिला दहा-वीस हजार किलोमीटर किंवा त्याहूनही जास्त धावावं लागतं. कमी चालणारी जुनी गाडी घाईने बदलू नका. जास्त चालणारी आधी बदला. बस, रेल्वे, सायकल जिथे शक्य तिथे या दोन्हींपेक्षा सरस.

छतावर सौर पॅनेल लावणार असाल तर १ किलोवॅटला, भरपूर ऊन असेल तिथे, दिवसाला सरासरी ४ युनिटच्या आसपास मिळतात. फसतं कुठे? सावलीत. एकाच ओळीत जोडलेल्या पॅनेलांपैकी एकावर टाकीची सावली पडली तरी सगळ्या ओळीचं उत्पादन घसरू शकतं. म्हणून सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीनला छताचे फोटो काढा, तेही सूर्य सगळ्यात खाली असतो त्या महिन्यात. दुसरं, बॅटरीशिवायची ग्रीडला जोडलेली यंत्रणा वीज गेली की स्वतःही बंद पडते. तारेवर काम करणाऱ्या माणसाला झटका बसू नये म्हणून ती तशीच बनवलेली असते. हे आधी माहीत नसलं की लोक पुरवठादाराशी भांडतात.

वाया जाणारं अन्न कमी करा. वाया गेलेल्या अन्नाशी जगाच्या एकूण हरितगृह वायूंपैकी ८ ते १० टक्के उत्सर्जन जोडलेलं आहे. झाडं लावा, पण गाडीच्या धुराची भरपाई म्हणून ती मोजू नका. झाड कार्बन धरून ठेवतं ते जिवंत असेपर्यंत. जमिनीखालचा कोळसा तिथेच राहिला तर लाखो वर्षं राहतो. प्लास्टिकची पिशवी नाले आणि समुद्र यांच्यासाठी टाळायलाच हवी, तापमानाच्या हिशेबात मात्र तिचं वजन किरकोळ आहे.

घराचं झालं की थांबू नका. हौदाचा मोठा नळ घराबाहेर आहे: वीजकेंद्रं, सिमेंट-पोलाद, शहराची वाहतूक, कचरा. तिथे एकट्याने काही हलत नाही, पण नेमकी मागणी करणारी दहा माणसं पुष्कळ हलवतात. ‘पर्यावरणासाठी काहीतरी करा’ असं निवेदन फायलीत जातं. त्याऐवजी इमारतीच्या समितीपुढे पंपाच्या आणि जिन्यातल्या दिव्यांच्या वर्षभराच्या युनिटांचा आकडा आणि सौर यंत्रणेचे दोन अंदाजपत्रक ठेवा. कामाच्या ठिकाणी नवे एसी घेताना कमी परिणामाचा शीतक वायू ही अट खरेदीच्या कागदात घालून घ्या. निवडून आलेल्या प्रतिनिधीला तीनच प्रश्न लेखी विचारा: पुढच्या पाच वर्षांत कोळशाची किती वीज कमी होणार, बस किती वाढणार, ओल्या कचऱ्याचा किती टक्के भाग डेपोवर जायचा थांबणार. उत्तर आलं नाही तर महिन्याने पुन्हा विचारा. हे काम लेकीकडे द्या. निराशेत बसलेल्या माणसाला आकडा आणि तारीख असलेलं काम मिळालं की बरं वाटतं, आणि पत्रव्यवहारात ही पिढी आपल्यापेक्षा चिवट असते.

गुणकांचा तक्ता भाऊजींकडे सोपवा. वर्षभराने पुन्हा मोजताना मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना करायला सांगा. मार्चची जूनशी नको, ऋतूमुळे आकडा फसवतो. यंदाचा उन्हाळा सौम्य असेल तर एसीची खरी बचत दिसते त्याहून कमी असते. म्हणून युनिटांबरोबर एसी रोज किती तास चालला तेही लिहून ठेवा. घरात माणसं वाढली किंवा कमी झाली असतील तर एकूण आकड्याला माणसांच्या संख्येने भागा. आणि एसीत गॅस भरला असेल तर त्याचं वजन त्या महिन्याच्या रकान्यात न विसरता मांडा.